देवाची वेळ आणि रानातला वाफसा

शुक्रवार पेठेतून सोलापूरच्या कोणत्याही वेशीने बाहेर पडा, थोड्याच वेळात काळी राने लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात भातलावणी उरकत आलेली असते, तेव्हा इथली कितीतरी जमीन उघडी पडलेली दिसते. परगावच्या माणसाला वाटावे, या शेतकऱ्याने यंदा रान टाकून दिले. तसे नसते. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. म्हणून इथला शेतकरी उन्हाळ्यात रान नांगरून ठेवतो, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालतो, तण वाढू देत नाही, पडेल तो थेंब काळ्या मातीच्या पोटात साठवतो आणि उत्तरा-हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. तो पाऊस झाला तरी लगेच पेरत नाही. वाफसा यावा लागतो. मूठभर माती उचलायची, दाबायची आणि सोडायची. ती हाताला चिकटून राहिली तर रान अजून ओले आहे, पाभर चालणार नाही, बी कुजेल. गोळाच झाला नाही तर ओल उडाली, उगवण होणार नाही. गोळा होऊन तो पडताच फुटला, तर वाफसा आला. मग घरात लग्न असो की पाहुणा, सकाळी पाभर रानात गेलीच पाहिजे, कारण हा वाफसा मोजकेच दिवस टिकतो. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या बोलण्यात जिला ‘देवाची वेळ’ म्हणतात, ती समजून घ्यायला माझ्या मते या मुठीतल्या मातीइतके चांगले साधन दुसरे नाही.

ख्रिस्ती घरांत आणि उपासनेच्या ठिकाणी हा शब्द सतत कानावर पडतो. मुलाची भरती रखडली, मुलीचे स्थळ जमत नाही, लग्नाला सहा वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही, यंत्रमागाचा कारखाना बंद पडून नवऱ्याला काम उरले नाही. प्रार्थना झाल्यावर पाळक किंवा मंडळीतली एखादी वडीलधारी बाई खांद्यावर हात ठेवून सांगते, देवाच्या वेळेत होईल, धीर धर. हे सांत्वन पोकळ नसते. गिरण्यांचे भोंगे थांबलेले पाहिलेल्या आणि नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या सोलापूरकराला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. तरीही हा शब्द दोन फार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि त्यांची गल्लत झाली की श्रद्धेचेही नुकसान होते, माणसाचेही. एका अर्थाने देवाची वेळ म्हणजे वर कुठेतरी लिहून ठेवलेली तारीख. आपण फक्त ती उजाडण्याची वाट पाहायची. दुसऱ्या अर्थाने देवाची वेळ म्हणजे वाफसा: पाऊस त्याचा, मशागत आपली, आणि दोन्ही जुळून आले की कामाला लागण्याचा क्षण. बायबलचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, पहिल्याकडे नाही, हे मला इथे मांडायचे आहे.

भाषेपासून सुरुवात करू. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यात वेळेला दोन शब्द आहेत. ख्रोनोस म्हणजे घड्याळाने आणि दिनदर्शिकेने मोजायचा काळ. कैरोस म्हणजे पिकलेली, योग्य, हातची सोडू नये अशी वेळ. मराठी माणसाला हा भेद परका नाही. एखादा अपघातातून वाचला की आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. येशूने प्रचाराला सुरुवात केली तेव्हा काळ पूर्ण झाला असे तो म्हणाला, ते कैरोस या शब्दाने. आणि त्याच श्वासात त्याने ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची आणि विश्वासाची हाक दिली. म्हणजे वेळ भरली ही बातमी आली ती कामासकट आली. उलट पुनरुत्थानानंतर शिष्यांनी राज्य कधी येणार असा तारखेचा प्रश्न विचारला, तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात त्यांना सांगितले गेले की काळ आणि समय जाणणे हे तुमचे काम नव्हे. तुमचे काम साक्षी होण्याचे. तारीख नाकारली, काम दिले. याकोबाच्या पत्रात धीराचे उदाहरण म्हणून थेट शेतकरीच येतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा. पॅलेस्टाइनचा तो शेतकरी आणि मोहोळ-मंगळवेढ्याचा ज्वारीवाला यांची जमीन वेगळी असेल, पण घरात झोपून पावसाची वाट पाहणारा शेतकरी दोन्हीकडे उपाशीच मरेल.

या मताला सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो नेमका त्या वचनात, जे अनेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फिरत असते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य द्यायचे आहे. परीक्षेला निघालेल्या मुलाला, मुलाखतीला निघालेल्या मुलीला हे वचन दिले जाते. दिले जावे, त्यात चूक नाही. पण ते वचन एका पत्रातले आहे, आणि पत्र आहे बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना. त्यांना परत कधी जायचे याची घाई होती. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि दोन वर्षांत सगळे परत येईल अशी ग्वाही देतो. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू तो सगळ्यांदेखत मोडून टाकतो. लोकांना ऐकायचे होते तेच त्याने सांगितले, तेही देवाच्या नावाने. यिर्मया आधी म्हणतो, तसे झाले तर बरेच होईल, आणि निघून जातो. पण तो जे पत्र धाडतो त्यात आकडा आहे सत्तर वर्षांचा. ज्यांच्या हातात ते पत्र पडले त्यांतल्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि या सत्तर वर्षांत करायचे काय? घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या परक्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा. भिंतीवरच्या वचनाला हा सगळा संदर्भ चिकटलेला आहे. दोन वर्षांची हमी देणारा हनन्या तिथे खोटा ठरतो, आणि बाग लावायला सांगणारा यिर्मया खरा. देवाच्या वेळेवर भरवसा म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही: फळ कधी येईल ते ठाऊक नसताना झाड लावणे.

सोलापूर जिल्ह्याला या विषयाची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती पंढरपुरात घडते. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले असता गाडीत त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट भाविक सभांतून पुष्कळदा सांगितली जाते, आणि बहुधा इथेच थांबवली जाते, कारण भाकीत खरे ठरते आणि तारीख जुळते. परंतु त्याच तारखेची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी त्यांच्यावर आकाश कोसळावे तशी कोसळली आणि पुढचा मोठा काळ त्यांनी पंढरपुरात नातलगांच्या आसऱ्याने काढला. नवरा जिवंत असून संसार नाही आणि परतीचा दिवस ठाऊक नाही, अशी ती वर्षे. सुमारे साडेचार वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्याही आपले सोवळेओवळे सोबत घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच मनाशी सोडवला, आणि मग पाणी कोणाच्याही हातचे चालू लागले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या उतावळ्या स्वभावाविषयी त्यांच्या पत्नीनेच पानोपानी लिहिले आहे. अशा माणसाने या एका बाबतीत वाट पाहिली, ही साधी गोष्ट नव्हे. मन वळवणे आणि मन आपणहून वळणे यांतला फरक त्यांना कळला होता. वाफसा नसताना पेरले तर बी जाते, तसेच हे.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा आणि तो मी बाजूला सारणार नाही. टिळकांच्या भरवशाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. १८९६ मध्ये पंढरपुरात जाऊन त्यांना कोणी सांगितले असते की बाई, हे सगळे देवाच्या वेळेत नीट होईल, तर ते सांत्वन ठरले असते की क्रूरपणा? मला वाटते, क्रूरपणा. पुढे चाळीसेक वर्षांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्या स्वतः मागे वळून त्या दिवसांत देवाचा हात पाहू शकल्या, तो त्यांचा अधिकार होता. दुसऱ्या कोणाचा नव्हता. या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची मर्यादा मला इथे दिसते. देवाची वेळ हा शब्द माणसाने स्वतःच्या वाट पाहण्याबद्दल उच्चारावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो चिकटवू नये. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून त्यांनी देवाची बाजू मांडायला घेतली तिथे ते चुकले, आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

दुसरा आक्षेप याहून कडक आहे, आणि तो केवळ नास्तिकांचा नाही. धीर धरा, वेळ येईल, हे वाक्य जगात सर्वांत जास्त वेळा कोणी कोणाला ऐकवले? वरच्याने खालच्याला, मालकाने मजुराला, सवर्णाने दलिताला, घराने सुनेला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग त्या वस्त्यांतून आला, ज्यांना शतकानुशतके हेच सांगितले गेले होते, म्हणून इथे या शब्दाची जबाबदारी दुप्पट होते. १९६३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिले, ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना दिलेले उत्तर होते. तुमचे आंदोलन अवेळी आहे, थांबा, असे त्या धर्मगुरूंचे म्हणणे होते. किंग स्वतः बाप्टिस्ट पाळक. देवावर त्यांचा भरवसा कमी होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांचे उत्तर असे की काळ आपोआप काही सुधारत नाही. जो त्याचा वापर करील त्याचा तो होतो, आणि चांगली माणसे गप्प बसली तर तो वाईट माणसांच्या कामी येतो. म्हणजे वाद श्रद्धा विरुद्ध घाई असा नव्हताच. वाफसा कोणाला दिसतो आणि कोणाला दिसूनही पाहायचा नाही, असा तो वाद होता. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला मंडळीत कोणी देवाच्या वेळेची वाट पाहायला सांगत असेल, तर तो त्या आठ धर्मगुरूंच्या रांगेत उभा आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. तिच्यासाठी वेळ आलेली आहे. आजारपणाचेही तेच. प्रार्थनेवर विश्वास आहे म्हणून दवाखाना टाळणे हे देवाच्या वेळेवर सोडणे नव्हे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि बरे वाटू लागले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. त्या सहा महिन्यांत रोजची गोळी घेत प्रार्थना करणारा रोगी मला जास्त विश्वासू वाटतो. देवळाच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असे येशूला सुचवले होते ते सैतानाने, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचायला मिळते.

पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथले पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन हे या आक्षेपाला मिळालेले महाराष्ट्रातले सर्वांत ठोस उत्तर आहे. रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडिलांना उपासमारीने जाताना पाहिले होते. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना घेऊन आल्या; १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आल्या, आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाई प्रार्थनेच्या बाई होत्या. पैसा, धान्य, पाणी यांसाठी त्या देवापुढे बसत. पण त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम, शिवण, छपाई शिकवली. दुष्काळ ही देवाची इच्छा म्हणून त्या बसून राहिल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता, इतके ते त्या काळी नेहमीचे होते. आणि याच बाईने ज्या कामात घाई उपयोगाची नव्हती तिथे दुसऱ्या टोकाची चिकाटी दाखवली. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासले आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्या भाषांतरावर घातली. मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवीत होत्या. शिशाच्या खिळ्यातले अक्षर उलटे असते. एकेक उलटे अक्षर उचलून ओळ लावायची, ठसा घ्यायचा, मुद्रिते तपासायची, चूक सापडली की खिळा बदलायचा, आणि असे संपूर्ण बायबल. दुष्काळात एक दिवसही न थांबणारी आणि भाषांतरात वर्षानुवर्षे न कंटाळणारी बाई एकच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कळते की देवाच्या वेळेवरचा भरवसा हा संथपणाचा दुसरा शब्द नाही. कुठे धावायचे आणि कुठे थांबायचे हे ओळखण्याची ती नजर आहे.

आता तिसरा आक्षेप, जो तर्काच्या बाजूने मला सर्वांत अवघड वाटतो. घडून गेल्यावर सगळेच देवाच्या वेळेत झाले असे म्हणता येते. नोकरी दहा वर्षांनी लागली तर ती योग्य वेळ होती. लागलीच नाही तर देवाची वेगळी योजना होती. ज्या विधानाला कोणतीच घटना खोटे ठरवू शकत नाही त्याला पुरावा कसला? त्यातही साक्षीच्या सभा पाहाव्यात. उभे राहून साक्ष कोण देते? जिला मूल झाले ती, ज्याचे कर्ज फिटले तो. जिचे मूल अजून झाले नाही ती मागच्या रांगेत बसून आमेन म्हणते. पिकलेल्या शेताचीच गोष्ट सांगितली गेली, तर ऐकणाऱ्याला वाटणारच की सगळी शेते पिकतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. घटनांच्या जुळणीवरून देवाची वेळ सिद्ध करता येत नाही, आणि ती तशी सिद्ध करायला जाणारे भाविक आपलीच बाजू कच्ची करतात. आज सकाळी अमुक वचन निघाले, रस्त्यात अमुक माणूस भेटला, म्हणून होकार द्यायचा, ही रीत म्हणजे पंचांगातला मुहूर्त सोडून नवा मुहूर्त शोधणे होय. परंतु विश्वास हा शब्द मुळात पुराव्याच्या जातीचा नाही, तो नात्याच्या जातीचा आहे. आपण माणसावर विश्वास ठेवतो तो त्याने आपली प्रत्येक मागणी वेळेवर पुरवली म्हणून नव्हे. त्याचा स्वभाव कळला म्हणून. दैव आणि देव यांत मराठीने एका मात्रेचे अंतर ठेवले आहे, पण ते फार मोठे आहे. दैवाला तोंड नसते, त्याच्याशी भांडता येत नाही. स्तोत्रसंहितेतला भक्त मात्र देवाला सरळ विचारतो की किती वेळ, मला कायमचा विसरलास का. असा प्रश्न विचारण्याची मुभा जिथे आहे, तिथे नियतीवाद टिकत नाही.

आणि बायबल स्वतः न पिकलेल्या शेताची गोष्ट लपवत नाही. अब्राहामाला हाक आली तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर. त्या पंचवीस वर्षांच्या मध्यावर सारेचा धीर सुटतो, ती आपली दासी हागार पुढे करते, आणि त्या घाईचे दुःख भोगते ती हागार आणि तिचा मुलगा. बायबल हागारेला रानात एकटी सोडत नाही, देव तिला तिथे भेटतो, हे मला त्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. योसेफाने ज्याचे स्वप्न उलगडून दिले तो प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरतो, आणि पुढची दोन वर्षे मजकुरात जवळजवळ कोरी आहेत. लाजार आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू आणखी दोन दिवस थांबतो. पोहोचतो तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया दोघी त्याला तोंडावर सांगतात, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. येशू त्यांना उशिराचे कारण समजावत बसत नाही; तो रडतो. पुढे लाजार उठणार हे त्याला ठाऊक होते, तरी रडतो. उशीर दुखतो, हे तो मान्य करतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर विश्वासूंची लांबलचक यादी देऊन लेखक म्हणतो की यांतल्या कोणालाही वचनाचे फळ मिळाले नाही, सगळे विश्वासात मेले. विजयाच्या साक्षींना चटावलेल्या कानांना हे वाक्य खटकते. पण ते तिथे आहे.

त्या यादीत आपल्याकडची नावेही घालता येतील. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत धाडायच्या बेतात होते. तेरा वर्षांनी, १८२६ मध्ये, नाशिककडच्या दौऱ्यात तो पटकीने गेला, तेव्हा मराठी मंडळी म्हणावी असे त्याच्या नजरेसमोर फारसे काही नव्हते. त्याच अमेरिकन मराठी मिशनचे काम पुढे अहमदनगरला रुजले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरापर्यंत आले. रमाबाईंच्या मनात होते की मुक्तीचे काम पुढे मनोरमाने पाहावे. ती एकुलती एक मुलगी १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले १९०९ मध्ये. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नाच्या वेळी धड वाचता येत नव्हते, त्यांनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये आला. ज्याने आरंभ केला त्याने तो पाहिला नाही, जिने जवळजवळ तडीस नेला तिनेही नाही. त्यांच्या वाट्याला आलेली देवाची वेळ ही पेरणीची होती, कापणीची नव्हे, आणि पेरणी त्यांनी वाफशावर केली.

सोलापुरातल्या आणि सगळ्याच मराठी मंडळ्यांना म्हणूनच माझी एक विनंती आहे. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचेच असतात. त्यांतल्या एका रविवारी साक्षीसाठी त्यांना पुढे बोलवा ज्यांना अजून काहीही मिळालेले नाही: ज्याची भरती निघालीच नाही तो, जिचा पाळणा रिकामा आहे ती, ज्याचे औषध चालू आहे तो. त्यांना बोलू द्या, मध्ये उत्तर देऊ नका, आणि त्यांचे बोलणे संपल्यावर विचारा की तुमच्या रानात आत्ता कोणते काम राहिले आहे आणि आम्ही त्याला कधी येऊ.